पंप बदलण्याआधी हवा काढून बघा

स्टिअरिंग वळवताना घूं-घूं आवाज येतो, पॉवर स्टिअरिंगच्या टाकीतल्या तेलाला फेस येतो, म्हणून तुम्ही त्याचा पंपच बदलायला निघालात. जरा थांबा! फेस म्हणजे तेलात हवा शिरतेय. माझ्या जुन्या गाडीत टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या रबरी पाइपची क्लिप सैल झाली होती. बाहेर थेंबही गळत नव्हता, कारण पंप त्या बाजूने तेल ओढतो, सोबत हवाही. क्लिप बदलली, पुढची चाकं उचलून खाली स्टँड दिले (नुसत्या जॅकवर अजिबात नको) आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत 20 वेळा सावकाश फिरवलं. बुडबुडे येत राहतात, पातळी उतरली की भर घालायची. तेल मात्र झाकणावर लिहिलंय तेच. ब्रेक ऑइल चुकूनही नको, आतली सीलं खराब होतात.