मदत हवी आहे: ब्रिटनमधल्या दोन स्थलांतरित समाजांची तुलना

१९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले गुजराती आणि मंगला धरण बांधलं गेलं त्या काळात ब्रिटनला गेलेले मीरपुरी (पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मीरपूर भागातले लोक), यांच्या आजच्या स्थितीची तुलना करतोय. एकांकडे धंद्याचा अनुभव होता. दुसरे गिरण्यांत लागले आणि पुढे गिरण्याच बंद पडल्या. त्यामुळे नुसत्या सरासऱ्या शेजारी मांडणं अन्यायाचं वाटतं.

इंग्लंड-वेल्सची २०२१ची जनगणना पाहिली. शिक्षण, रोजगार, घराची मालकी मिळते. उत्पन्न विचारलेलंच नाही. ‘इंडियन’ रकान्यात तर पंजाबी, गुजराती सगळेच! जन्मदेश युगांडा धरला की पहिली पिढी सापडते, पण ब्रिटनमध्ये जन्मलेली मुलं निसटतात. लेस्टर (जिथे गुजराती बरेच) आणि ब्रॅडफर्ड (जिथे मीरपुरी बरेच) यांची तुलना केली तर शहरांचाच फरक मोजला जातो.

फक्त मोफत उपलब्ध आकडेवारी वापरता येईल. दुसरी पिढी वेगळी काढायला कोणता निकष लावू: धर्म, भाषा, की आणखी काही?