फ्रीरेन बघताना पडलेला प्रश्न: प्रत्येक अ‍ॅनिमेत तोच स्लाईम आणि तोच डेमन किंग का?

कोरा_कप
मंडळी, मी गेमवाली नाही, कँडी क्रश सोडलं तर शून्य. भाच्याच्या नादाने फ्रीरेन हे अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका) बघितलं, जाम आवडलं, मग त्याने अजून चारपाच इसेकाई (माणूस दुसऱ्याच जादुई जगात जाऊन पडतो त्या गोष्टी) लावून दिले. आता घोळ असा की सगळीकडे तेच! एक हिरो, एक डेमन किंग म्हणजे राक्षसांचा राजा, चौघांची पार्टी म्हणजे टोळी, आणि रानात पहिल्यांदा भेटणार तो लिबलिबीत गोळ्यासारखा राक्षस, स्लाईम. आणि हे काय असतं ते कुणी समजावत पण नाही, जणू सगळ्यांना शाळेत शिकवलंय. भाचा म्हणतो "अगं मावशी गेममधून आलंय", पण कुठल्या ते त्यालाही धड सांगता येईना. जपानी पुराणातलं काही आहे का हे?

कॅसेटफुंक्या
पुराण नाही हो, ड्रॅगन क्वेस्ट 😄 हा गेम १९८६ साली फॅमिकॉमवर (निन्टेंडोचं टीव्हीला जोडायचं गेमयंत्र) आला. तो बनवणाऱ्या युजी होरीला अल्टिमा आणि विझर्ड्री हे अमेरिकन कॉम्प्युटर गेम आवडायचे, त्याने एकातून नकाशावर फिरणं उचललं, दुसऱ्यातून समोरासमोरची मारामारी, आणि शाळकरी पोरांना झेपेल असं सोपं करून टाकलं. होरी शोनेन जंप या कॉमिक्सच्या मासिकात लिहायचा आणि तिथेच अकिरा तोरियामाचं ड्रॅगन बॉल चालू होतं, म्हणून राक्षस काढायला थेट तोरियामाच. म्हणजे मांगा (जपानी कॉमिक्स) गेममध्ये शिरला तो असा घरच्या दारानेच.

स्लाईमची गंमत बघा. मूळ पाश्चात्य खेळांमधले असले चिकट प्रकार म्हणजे चिलखत विरघळवणारी भयंकर भानगड. होरीने पण चिखलाच्या ढिगासारखंच काहीतरी काढून दिलं होतं, तोरियामाने त्याचा टपोरा निळा थेंब केला, दोन डोळे आणि हसू. झालं, तेव्हापासून जपानात स्लाईम म्हणजे सगळ्यात लिंबूटिंबू.

आपल्याकडे हे कळायचा चान्सच नव्हता, आमच्या टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये काँट्रा नि मारिओ, जपानी वाचत बसायचा गेम कोण घेणार.

रात्रपाळी
वरच्यांना +१. फ्रीरेनबद्दल थोडं अजून. चौघं कोण आहेत बघा, हिमेल हिरो, आयझेन योद्धा, हायटर पुजारी, फ्रीरेन जादूगार. ड्रॅगन क्वेस्ट ३ (१९८८) मध्ये गुत्त्यात जाऊन सोबती निवडायचे असतात आणि कुणालाही विचारा, पहिल्यांदा खेळताना हीच चौकडी घेतलेली असते. गेम जिथे संपतो, डेमन किंग मेला, राजाने सत्कार केला, नावं वर सरकायला लागली, तिथे फ्रीरेनचा पहिला एपिसोड सुरू होतो. आणि निघताना राजाने तांब्याची दहाच नाणी दिली होती असं ते म्हणतात ना, तो पण टोमणाच, पहिल्या ड्रॅगन क्वेस्टमधला राजा जग वाचवायला पाठवतो आणि हातात टेकवतो १२० गोल्ड 😂 जपानी माणूस तिथे फिस्सकन हसतो, आपण पुढे जातो.

एल्फचे_कान
सगळं ड्रॅगन क्वेस्टच्या खात्यावर टाकू नका राव. फ्रीरेन एल्फ आहे, म्हणजे परीकथेतल्या दीर्घायुषी जमातीतली, तिचे ते लांबच लांब कान कुठून आले? लोडोस या कथामालिकेतून. १९८६ पासूनच कॉम्प्टिक या जपानी मासिकात डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं रंगवायचा अमेरिकन खेळ) खेळणाऱ्या टोळक्याचा डाव जसाच्या तसा छापून यायचा, त्यातून पुढे कादंबऱ्या, अ‍ॅनिमे सगळं झालं. त्यातल्या डीडलिट या एल्फ मुलीला चित्रकार इझुबुचीने असे कान दिले की जपानी एल्फ कायमचा लंबकर्ण झाला.

कॅसेटफुंक्या
@एल्फचे_कान मान्य, कान तुमचे. स्लाईम आमचा.

कोरा_कप
बापरे, मी तांब्याच्या नाण्यांवर खरंच सरळ पुढे गेले होते, आता परत बघणार. खेळायचाच झाला तर कुठला घेऊ? भाच्याकडे स्विच (निन्टेंडोचं गेमयंत्र) आहे.

रात्रपाळी
ड्रॅगन क्वेस्ट ३ चा नवा अवतार २०२४ ला आलाय, तोच घ्या. अकरावा पण मस्त पण लांबलचक आहे, सुट्टी असेल तरच. आणि सुरुवातीला पुजारी घ्याच, जखमा तोच बऱ्या करतो, मी शहाणपणा करून दोन योद्धे घेतले होते, औषधी झाडपाला विकत घेण्यातच कंगाल झालो.

कोरा_कप
घेतला! हिरोला भाच्याचं नाव दिलंय. पहिल्याच स्लाईमकडून मार खाल्ला त्याने.