हॉकीत शूटआऊटवर बाहेर पडलो. पुढच्या सीझनसाठी आधी काय धरावं?

सदर_राइटहाफ
आमची टीम क्वार्टर फायनललाच गारद झाली. ६० मिनिटांत १-१, शूटआऊटमध्ये (एकेका खेळाडूनं एकट्या कीपरसमोर मारायचं) १-३. पाच पेनल्टी कॉर्नर (बॅकलाइनवरून, म्हणजे गोलच्या बाजूच्या हद्दीवरून, चेंडू आत ढकलून गोलवर मारायची संधी) मिळाले, गोल एकही नाही. त्यातले दोन शेवटच्या क्वार्टरमध्ये, फ्लिकर, म्हणजे कॉर्नरवर गोलकडे मारणारा, बाकावर असताना. वरून दोन हिरवी आणि एक पिवळं कार्ड. मैदान मातीचं आहे, पण पुढच्या वर्षी काही मॅचेस टर्फवर (कृत्रिम गवतावर) होतील असं बोलून राहिले. तीन सीनिअर सोडून चालले, त्यात कॉर्नरचा चेंडू थांबवणारा स्टॉपरही आहे. पोट्टे म्हणतात शूटआऊटची प्रॅक्टिस वाढवा. मले काही ते पटत नाही.

कॉर्नर_कट्टा
तुमचंच बरोबर आहे भाऊ. पाचातला एक कॉर्नर बसला असता तर शूटआऊटची वेळच आली नसती.

सगळ्यात आधी बेंच. पेनल्टी कॉर्नर दिल्यापासून तो संपेपर्यंत बदली खेळाडू आत घेता येत नाही. सूट फक्त बचाव करणाऱ्या टीमच्या जखमी किंवा निलंबित गोलकीपरपुरती. म्हणजे शिट्टी वाजली तेव्हा बाकावर असलेला फ्लिकर कॉर्नर होईस्तोवर तिथंच. ही चूक पोट्ट्यांची नाही, बदल्या करणाऱ्याची आहे. इंजेक्टर (चेंडू आत ढकलणारा), स्टॉपर, हिटर असे दोन संच बनवा आणि कोणत्याही मिनिटाला एक पूर्ण संच आत राहील असं रोटेशन लावा.

आता इंजेक्शन. चेंडू जवळच्या पोस्टपासून किमान १० मीटरवर बॅकलाइनवर, इंजेक्टरचा निदान एक पाय मैदानाबाहेर. मातीवर लोकं ताकदीनं ठोकतात आणि चेंडू शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये उसळतो. ठोकू नका, स्टिक चेंडूला चिकटवून ढकला. सर्कलच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, माथ्यावर अर्ध्या मीटरच्या अंतरानं दोन कोन ठेवा. सलग दहा चेंडू मधून गेल्यावरच स्टॉपर उभा करा, हिटर त्याच्याही नंतर. चेंडू सर्कलच्या बाहेर गेल्याशिवाय गोल धरत नाहीत, म्हणून रेषेला चिकटून स्टॉप घेऊ नका, एक स्टिकभर बाहेर घ्या. इंजेक्शनपासून फटक्यापर्यंत दीड सेकंदाच्या आत आटपायला पाहिजे. त्याच्यावर गेलं की समोरच्या टीमचा पहिला रनर अंगावर आलाच समजा.

आणि मातीवर ड्रॅग फ्लिकचा (चेंडू स्टिकवर ओढून फेकायचा) हट्ट सोडा. ओढताना खडा लागला की चेंडू स्टिकवरून सुटतो. सरळ हिट घ्या. पहिला फटका हिट असेल तर चेंडू गोलरेषेवर ४६० मिमीच्या वर नको, म्हणजे बॅकबोर्डची उंची. फ्लिकला ही मर्यादा नाही, त्यामुळे टर्फवर तोच कामाचा.

पॅडवाला
कॉर्नरचं मान्य, पण शूटआऊट एवढा हलक्यात घेऊ नका. बादफेरीत तो कधी पदरात पडेल सांगता येत नाही.

२३ मीटरच्या रेषेपासून ८ सेकंद म्हणजे बराच वेळ असतो. आपले पोट्टे तिसऱ्या सेकंदालाच मारून मोकळे होतात, तेव्हा कीपर उभा आणि पूर्ण तयार असतो. सरावात एकानं बाजूला उभं राहून मोठ्यानं सेकंद मोजायचे. तीनपर्यंत सर्कलमध्ये, चार-पाचला चेंडू आडवा ओढून कीपरला जमिनीवर पाडायचं, सहा-सातला मारायचं. कीपरच्या चुकून झालेल्या फाउलवर पुन्हा संधी मिळते, मुद्दाम केला तर पेनल्टी स्ट्रोक. म्हणून धक्का लागला तरी थांबू नका, शिट्टी अंपायरला वाजवू द्या.

काळी_माती
कार्डांचा हिशोब कोणीच केला नाही. हिरवं २ मिनिटं, पिवळं कमीत कमी ५. म्हणजे ६० पैकी निदान ९ मिनिटं तुम्ही दहा जणांत खेळले. फ्री हिट मिळाल्यावर चेंडू लाथाडणं, ५ मीटर न सरकणं, अंपायरशी हुज्जत, हिरवी कार्डं बहुतेक अशीच येतात. टॅकलिंगपेक्षा तोंड आवरायची प्रॅक्टिस स्वस्त पडते.

वेळापत्रक पावसाळ्याच्या हिशोबानं लावा. आपल्याकडची काळी माती जूनच्या मध्यापासून बुटाला किलोकिलोनं चिकटते, तेव्हा मैदान विसरा. सिमेंटच्या कोर्टवर ट्रॅपिंग (चेंडू अडवणं), इंजेक्शन आणि स्टिकवर्क होते. मे महिन्यात सकाळी ६ ते ८, त्यानंतर पारा ४५ कडे निघतो.

टर्फची मॅच खरंच असेल तर त्याच्याआधी दोन-तीन दिवस तरी टर्फवर काढा. छत्तीसगडात राजनांदगावला आहे, हावडा लाइनवरच. मातीवरचे पोट्टे टर्फवर पहिला अर्धा तास पास जोरात देतात आणि ट्रॅप उशिरा करतात. टर्फला पाणी मारलेलं नसेल तर चेंडू अडतो आणि पोट्टे घसरले की गुडघे सोलतात.

सदर_राइटहाफ
बेंचचा नियम आमच्या मॅनेजरला माहीतच नव्हता म्हणा. स्टॉपर म्हणून कोणाले घ्यावं? फॉरवर्डपैकी एकजण तयार आहे.

कॉर्नर_कट्टा
फॉरवर्ड नको, तो स्टॉप व्हायच्या आधीच गोलकडे पाहतो. सेंटर हाफ घ्या. उजवा गुडघा जमिनीजवळ, स्टिक जवळजवळ आडवी, डावा हात मातीला टेकण्याइतका खाली. चेंडू उसळला तर अंग मागे पाहिजे. आणि हाताचा गार्ड घातल्याशिवाय सरावाला उभा करू नका, चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, बोटं सांभाळा.