पणजोबा पहिल्या महायुद्धात पडले. त्यांचं नाव कुठे शोधायचं?

माणकाठ
पणजोबा साताऱ्याकडचे, 'बसऱ्याच्या लढाईत गेले' एवढंच घरात माहीत आहे. देव्हाऱ्यात ब्राँझची एक मोठी चकती आहे आणि चांदीचं एक पदक. चकतीवर नुसतं नाव आहे, पलटण कुठेच नाही. बसऱ्याच्या स्मारकावर त्यांचं नाव असेल का? गावात पाटी बसवायची आहे, त्याआधी काय काय तपासून घ्यावं?

पलटणवाला
चकतीवरून पलटण कळणार नाही. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची ही चकती मृताच्या वारसांना मिळायची आणि मरणात सगळे सारखे म्हणून तिच्यावर हुद्दा, नंबर मुद्दामच घातले नाहीत. पदकाची कड बघा. तिथे बारीक ठशांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. आधी घासूनपुसून लख्ख करू नका. चिंच, राख, पॉलिश काहीही नको. दर दसऱ्याला घासून घासून कितीतरी पदकांची कड गुळगुळीत झालेली असते. खोलीत अंधार करा, टॉर्च कडेला जवळजवळ समांतर धरा, पदक थोडं थोडं फिरवत फोटो काढा. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंही उठून दिसतात.

'१-११७' असं काही दिसलं तर ती तारीख समजू नका. ११७ वी मराठा, पहिली बटालियन, असा त्याचा अर्थ.

१०३, ११० किंवा ११७ निघाली तर इराकमधल्या कुत गावाला पडलेल्या वेढ्याचा विचार करा (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६). या तिन्ही मराठा पलटणी तिथे अडकल्या आणि शेवटी कैद झाल्या. मृत्यूची तारीख एप्रिल १९१६ नंतरची असेल तर ते कैदेत गेले असण्याची शक्यता मोठी. बसरा हे फौज उतरायचं बंदर, त्यामुळे घरात सांगितलेलं 'बसरा' म्हणजे मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) आघाडीवरचं कुठलंही ठिकाण असू शकतं.

नोंदवही
पलटण कळली की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धातल्या मृतांच्या नोंदी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) संकेतस्थळावर शोधा. सुरुवात नावाने करू नका, तिथेच बहुतेक जण अडकतात. पलटण आणि स्मारक निवडून यादी काढा, मग वडिलांचं नाव आणि गाव जुळवत खाली या. इंग्रज कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलंय: जाधवचं जाधाव, पवारचं पोवार, शिंदेचं सिंधे. आडनावाच्या जागी वडिलांचंच नाव असणंही नेहमीचं. नंबरावर एकट्यावर विसंबू नका. तो त्या पलटणीपुरता असायचा, दुसऱ्या पलटणीत तोच नंबर दुसऱ्याचा. जिल्हाही तेव्हाचा बघा: आजच्या सांगलीतली बरीच गावं साताऱ्यात सापडतील, सिंधुदुर्ग रत्नागिरीत, रायगड म्हणजे कुलाबा.

आता बसऱ्याचं. नोंदीत 'बसरा मेमोरियल' आलं तरी दगडावर नाव असेल असं धरू नका. तिथे ४०,००० हून जास्त जणांचं स्मरण आहे, पण भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांची पलटणीखाली फक्त संख्या टाकली. हा अन्याय होता, आणि कमिशनने २०२१ च्या अहवालात तो मान्यही केलाय. म्हणून गावातली पाटी महत्त्वाची. त्यांचं नाव दगडावर पहिल्यांदा तिथेच येईल.

यादीत नावच नसेल तर पुराव्यासह अर्ज करता येतो. मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातला हवा.

माणकाठ
कडेवर ११० स्पष्ट आलं. नंबरातला एक आकडा ३ की ८ कळत नाही.

पलटणवाला
पातळ कागद कडेवर ताणून धरा आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवा. तरीही शंका राहिली तर ११० च्या यादीत दोन्ही नंबर बघा. वडील आणि गाव ज्याच्याशी जुळेल तो खरा.

जांभादगड
पाटीचं सांगतो. संगमरवर नको, आपल्या पावसात शेवाळ धरतो आणि अक्षरं बुजतात. काळा ग्रॅनाइट, १८ ते २० मिलिमीटर जाडी, अक्षर किमान एक इंच. कोरण्याआधी कागदावरचा नमुना घरातल्या दोघातिघांकडून वाचून घ्या. अनुस्वार आणि रफार इथेच गळतात, आणि दगडावर खोडरबर चालत नाही. लढाईचं नाव पक्कं नसेल तर घालू नका: नाव, वडिलांचं नाव, नंबर, '११० वी मराठा', 'मेसोपोटेमियात धारातीर्थी पडले', तारीख. भिंत जांभ्याची असेल तर स्क्रू थेट मारू नका, दगड भुगा होऊन निघतो. तेवढा भाग खोदून सिमेंट भरा, आठवडाभर पाणी मारा, मगच भोकं पाडा.