अदिती योजना: फाउंड्रीत नवा कॉम्प्रेसर बसेल का?

प्रश्न: कोल्हापूरची लघु फाउंड्री (धातू वितळवून ओतकाम), उद्यम नोंदणी आहे. जुना हवेचा कॉम्प्रेसर काढून व्हीएफडीवाला (गरजेनुसार मोटरचा वेग बदलणारा) स्क्रू कॉम्प्रेसर घ्यायचाय. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या 'अदिती'तून किती रक्कम मिळते?

उत्तर १: रोख अनुदान नाही, कर्जाच्या व्याजात सवलत आहे. सूक्ष्म-लघुला ५ टक्के, मध्यमला ३. म्हणजे ५० लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी साधारण अडीच लाख. योजनेच्या १४ क्षेत्रांत फाउंड्री आहे. अट: किमान १० टक्के ऊर्जाबचत मोजून दाखवायची.

उत्तर २: घोडं अडतं ते याच मोजणीत. जुनं मशीन भंगारात गेल्यावर ऊर्जा ऑडिटर बोलावला, तर तुलना कशाशी करणार? आधी कॉम्प्रेसरला वेगळा मीटर लावा. नुसतं बिल दाखवू नका. महिन्याचं टनेज कमी झालं तरी बिल उतरतंच. वितळलेल्या धातूच्या टनामागे किती युनिट, ते लिहा.

आणि मशीन निवडण्याआधी गळती तपासा. सुट्टीच्या दिवशी हवेवर चालणारी सगळी हत्यारं बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करा. २ मिनिटं लोड (हवा भरतोय), ६ मिनिटं अनलोड (नुसता फिरतोय) आलं, तर २ भागिले ८, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा फुकट चाललीय. होज, कपलिंग, ड्रेन व्हॉल्व्ह आधी बदला. नाहीतर गळतीच्या मापाचं मोठं मशीन कर्ज काढून घ्याल.

प्रश्नकर्ता: हवेचं प्रेशर ७ बार ठेवलंय.

उत्तर २: मोल्डिंग मशीनला ६ पुरत असेल तर उतरवा. एका बारामागे वीज ६-७ टक्क्यांनी कमी लागते, तेही बिनखर्चात.