३१ डिसेंबरच्या उपासनेत ‘या वर्षाचं वचन’ जाहीर करावं का?

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

आमची मंडळी खानापूर तालुक्यातली, पंचवीसेक घरांची. पाळकसाहेबांकडे आणखी गावं आहेत, त्यामुळे ३१ तारखेच्या रात्रीची उपासना यंदा माझ्याकडे आली आहे. मी सोसायटीत नोकरी करतो आणि लोकल प्रीचर म्हणून अधूनमधून संदेश देतो.

अडचण अशी आहे. गेल्या वर्षी बाहेरून आलेल्या एका वक्त्यांनी देवानं येत्या वर्षासाठी दिलेलं म्हणून ‘दुप्पट आशीर्वादाचं वर्ष’ असं वचन जाहीर केलं. आम्ही सगळे मोठ्यानं आमेन म्हणालो. तरुण संघानं त्याचा फ्लेक्स करून पुलपिटमागच्या भिंतीवर लावला, तो अजून तिथंच आहे. त्यानंतर काय झालं ते सांगतो. कापणीच्या तोंडावर पाऊस आला, भात आडवं झालं, कापून ठेवलेल्या पेंढ्यांना शेतातच मोड आले. गोव्याला हॉटेलात कामाला असलेली दोन पोरं काम सुटून घरी आली. आणि आमच्या एका आक्कांचे मालक गेले. डायलिसिससाठी त्यांना बेळगावला न्यावं लागायचं, पहाटेच्या बसनं जायचं आणि रात्री परतायचं. माती झाल्यावर थोड्याच दिवसांनी कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनेत, कुणीतरी आक्कांना म्हणालं, “विश्वास कुठंतरी कमी पडला असणार.”

आक्का त्यावर काही बोलल्या नाहीत. पण त्या दर रविवारी पुढच्या चटईवर, त्याच फ्लेक्ससमोर बसतात. ३१ लाही तिथंच बसतील.

तरुण संघ माझ्यामागं लागलाय की नवं वचन लवकर द्या, बेळगावला छपाईला टाकायचं आहे. त्यांचंही मन मोडवत नाही. नाताळाला पुण्याहून, गोव्याहून पोरं घरी येतात, वर्षातून तेवढी एकच रात्र आमचं मंदिर भरतं. त्या रात्री लोकांनी देवाकडून काहीच अपेक्षा करू नये असा संदेश मला द्यायचा नाही. पण आक्कांच्या तोंडाकडं बघून ‘तिप्पट’ म्हणायला माझी जीभ उचलणार नाही.

कुठला पाठ घ्यावा? आणि वर्षाचं वचन द्यावं की देऊ नये?

जुना पाळक, निपाणी

प्रिय बंधू, सलाम.

बायबलात यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक आहे, त्याचा २८ वा आणि २९ वा अध्याय एका बैठकीत वाचा. २९ चं ११ वं वचन तुम्हाला पाठ असेलच. ‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’ या अर्थाचं हे वचन दर जानेवारीला अर्ध्या मंडळ्यांच्या भिंतीवर असतं. पण ते कुणाला लिहिलं, कधी लिहिलं, हे पुलपिटवरून फार कमी वेळा सांगितलं जातं.

बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजानं यरुशलेमातली माणसं कैद करून नेली होती. राजा, कारागीर, लोहार, सगळे. ख्रिस्तपूर्व ५९७ ची गोष्ट. मागं उरलेल्या यरुशलेमात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगत होता की दोन वर्षांत देव हे जोखड मोडणार, मंदिराची पात्रं परत येणार, माणसं परत येणार. हा संदेश लोकांना किती गोड लागला असेल! आणि यिर्मयानं त्यावर पहिला शब्द काय काढला बघा. “आमेन, परमेश्वर तसंच करो.” त्यालाही तेच हवं होतं. मी तरुण असताना या आमेनवरून घाईघाईनं पुढं जायचो. आता तिथं थांबतो. ज्याला कडू सत्य सांगायचं आहे त्याच्या पोटात लोकांच्या सुखाची तीच भूक असावी लागते. नाहीतर त्यानं तोंड उघडू नये.

मग यिर्मयानं बाबेलातल्या लोकांना पत्र पाठवलं. दोन वर्षं नव्हे, सत्तर वर्षं. घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा. पोरांची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. हे सगळं आधी, आणि मग ते ११ वं वचन. तिथं बसून पत्र ऐकणाऱ्या चाळिशीच्या माणसाला त्याच क्षणी कळलं असणार की मी काही परत जात नाही, माझी नातवंडं जातील. तरी त्याला मळा लावायला सांगितलं. देवाचं वचन खरं होतं, पण बारा महिन्यांच्या मापात बसणारं नव्हतं.

हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात वारला. २८ व्या अध्यायाचा शेवट तो आहे. देवाच्या नावानं मुदत जाहीर करणाऱ्या प्रत्येकानं तो शेवट वाचावा, मी स्वतःलाही तेच सांगत आलो.

मी तुमच्या जागी असतो तर तो फ्लेक्स ३१ च्या आत उतरवला असता. गाजावाजा न करता. आणि विश्वास कमी पडला असं आक्कांना जे कुणी म्हणालं त्यांच्याशी संदेशाच्या आधी, घरी जाऊन, एकट्यात बोललो असतो. पुलपिटवरून एका माणसाला उत्तर देऊ नका, सगळी मंडळी ओळखते.

कॅम्पातली सिस्टर

पाळकसाहेबांना मान देऊन थोडं वेगळं म्हणते. मी बेळगावला दवाखान्यात नर्स आहे, डायलिसिसच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून दादांच्या आक्कांची गोष्ट वाचून गप्प बसवलं नाही.

त्या खाटांवर पडलेल्या माणसाला सत्तर वर्षांचं गणित सांगून भागत नाही. त्याला पुढचा सोमवार हवा असतो. आणि मला वाटतं, देवाला त्याचा राग येत नाही. बार्तीमय रस्त्याच्या कडेला ओरडत होता तेव्हा लोक त्याला गप्प करत होते. येशूनं त्याला बोलावून विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं? आंधळ्याला काय हवं असतं हे प्रभूला ठाऊक नव्हतं का? तरी त्याच्याच तोंडून ऐकलं. मार्काचा १० वा अध्याय. म्हणून दादा, भीतीपोटी लोकांच्या मागण्या कापू नका. पोराला नोकरी मिळू दे, मुलीचं लग्न होऊ दे, क्रिएटिनिन खाली येऊ दे, हे सगळं त्या रात्री देवापुढं मोठ्यानं मागू दे.

आमच्या सासूबाई दर १ जानेवारीला वचनाची चिठ्ठी काढायच्या आणि ती चष्म्याच्या घरात ठेवायच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, वाचणं जेमतेम. पण वर्षभर तेवढं एक वचन पुन्हापुन्हा अक्षर लावून वाचायच्या, आणि शेवटच्या आजारपणात एकेक करून सगळी पाठ म्हणायच्या. त्यांचं बायबल त्या चिठ्ठ्यांतून आत गेलं. त्यामुळे कार्ड वाईट, चिठ्ठी वाईट, असं म्हणायला मी तयार नाही. वाईट आहे ते दुसऱ्याच्या दुःखावर ती चिठ्ठी चिकटवणं.

इथं कॅम्पात ३१ ला गल्लीगल्लीत ओल्डमॅन, म्हणजे सरत्या वर्षाचे पुतळे, उभे करतात, बाराला जाळतात, पोरं नाचतात. जुनं वर्ष जाळून टाकलं की मोकळं झाल्यासारखं वाटतं, ते मला समजतं. पण आक्कांचं जुनं वर्ष जाळता येणार नाही, त्यात त्यांचा माणूस आहे. त्या रात्री तुमच्या उपासनेत गेलेल्यांची नावं घेऊन उपकारस्तुती करा. नव्या वर्षाकडं जाण्याआधी. एवढी माझी विनंती.

बेळगावकर पुण्यात

मेथडिस्ट मंडळी असेल तर आपल्याच घरात एक ठेवा आहे, त्याची आठवण करून देतो. पूर्वी आमच्याकडं वर्षाच्या पहिल्या रविवारी कराराची उपासना व्हायची, आता बऱ्याच ठिकाणी मागं पडली आहे.

या रात्रीच्या जागरणाला मोठा इतिहास आहे. इंग्लंडात ब्रिस्टलजवळ किंग्जवूडला कोळशाच्या खाणीतले कामगार राहत. पूर्वी जी रात्र दारूच्या गुत्त्यात जायची ती देवाचं वचन ऐकल्यावर ते प्रार्थनेत घालवू लागले. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं ती पद्धत उचलली आणि सुरुवातीला पौर्णिमेच्या जवळचा शुक्रवार धरला, लोकांना घरी जाताना उजेड असावा म्हणून. कराराची उपासना त्यानं १७५५ च्या ऑगस्टमध्ये लंडनला घेतली, पुढं ती नव्या वर्षाशी जोडली गेली. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० ला सुरू झालं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथडिस्टांकडे आलं, त्यामुळे ही उपासना आपल्याकडं वारशानं आलेली आहे.

त्या करारात माणूस देवाला काय म्हणतो? मी आता माझा नाही, तुझा आहे. मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव. भरलेला ठेव किंवा रिकामा ठेव. सगळं असू दे किंवा काहीच नसू दे. मी कंपनीतून कमी झालो त्या वर्षी ‘बाजूला ठेव’ हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडेनात. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी ते माझ्यासाठी मोठ्यानं म्हटले. गोव्याहून परतलेल्या त्या दोन पोरांना, मला वाटतं, दुप्पटच्या फ्लेक्सपेक्षा ही प्रार्थना जास्त जवळची वाटेल.

मलप्रभाकाठ (खानापूर)

पाळकसाहेब, ताई, भाऊ, तिघांचेही मनापासून आभार. दोन दिवस हेच डोक्यात होतं. काल तरुण संघाची पोरं घरी आली, त्यांच्यासमोर सगळं वाचून दाखवलं.

पाठ ठरला आहे. लूकच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय. मळ्यातलं अंजिराचं झाड. धनी तीन वर्षं फळ बघायला येतोय, मिळत नाही, तोडून टाक म्हणतो. माळी म्हणतो, धनी, एवढं एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. नव्या वर्षाला यापेक्षा थेट पाठ मला सापडला नाही, आणि आमच्या लोकांना तो समजावून सांगावा लागणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर काजूला आळं करून शेणखत कुणी घातलं आणि कुणी नाही, हे आमच्याकडं रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं.

पण मला खरं धरलं ते त्याच्या आधीच्या पाच वचनांनी. तिथं लोक येशूकडं बातमी घेऊन आलेत की रोमी सुभेदार पिलातानं गालीलातल्या माणसांना मारलं. येशू विचारतो, ते बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का तुम्हाला? मग स्वतःच शिलोहाच्या बुरुजाचं काढतो. तो पडून अठरा जण मेले, ते यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अपराधी होते का? नाही, असं स्वतःच सांगतो, आणि ऐकणाऱ्यांना म्हणतो तुम्ही पश्चात्ताप करा. त्यानंतर लगेच झाडाची गोष्ट. म्हणजे दुसऱ्याच्या घरावर बुरूज पडला तर त्याचा विश्वास मोजत बसू नका, तुम्हाला हे वर्ष मिळालंय, तुमच्या मुळाशी खणू द्या. कॉटेज मीटिंगमधल्या त्या वाक्याला प्रभूनं आधीच उत्तर देऊन ठेवलंय. मला माझ्याकडचं काही जोडायची गरज नाही, नुसतं सावकाश वाचायचं आहे.

आणखी एक. झाडाला पुढं फळ आलं की नाही, हे येशू सांगत नाही. माळ्याला खात्री नाही तरी तो फावडं उचलायला तयार आहे. मला अपेक्षा म्हणायचं आहे ते हेच. देव आपल्यासाठी एक वर्ष मागून घेणारा माळी आहे, आणि तो हात राखून काम करत नाही. खणताना मुळं दुखावतात, शेणाला वास असतो. आत्मिक वाढ म्हणतो ती बहुतेक अशीच असते. क्षमा मागायला लागणं, बायकोशी नीट बोलायला लागणं, भावाशी बांधावरून चाललेला वाद मिटवणं. हे फ्लेक्सवर मावत नाही, पण यातलं एकही झालं तरी वर्ष फुकट गेलं असं मी म्हणणार नाही.

ताई, तुमचं म्हणणंही घेतलं आहे. संदेशाआधी अर्धा तास मोकळ्या प्रार्थनेला ठेवला. ज्याला जे मागायचं ते त्यानं मोठ्यानं मागायचं, कुणी कुणाची मागणी सुधारायची नाही. त्याच्याही आधी गेलेल्यांची नावं. आक्कांना काल घरी जाऊन विचारलं, मालकांचं नाव तुम्ही घ्याल की मी घेऊ? म्हणाल्या, मी घेते, आणि त्यांना आवडायचं ते गीत तेवढं म्हणा.

फ्लेक्स पोरांनीच उतरवला. गोव्याहून आलेल्या दोघांपैकी एकानं विचारलं, मग भिंत मोकळीच ठेवायची का? मी म्हटलं, ठेवू. चिठ्ठ्या मात्र करणार आहोत, छापील नाही, पोरं हातानं लिहिणार. सगळ्यांना एकच वचन नको म्हणून स्तोत्रांतून आणि शुभवर्तमानांतून निवडतोय. कराराची उपासना पहिल्या रविवारी घ्यायला आमच्या इथल्या पाळकसाहेबांनी होकार दिलाय.

आता एक मदत हवी आहे. आमच्या मंडळीत कन्नड माहेरच्या चारपाच सुना आहेत. मराठी बोलतात, पण वाचन कन्नडच. लूक १३:१ ते ९ त्यांच्यापैकी कुणाला तरी कन्नडमध्ये वाचायला देणार आहे, आणि त्यांच्यासाठी थोड्या चिठ्ठ्याही कन्नडमध्ये करायच्या आहेत. इथं गोकाक, बैलहोंगल बाजूचं कुणी असेल आणि सोप्या कन्नडमधली दहाबारा वचनं काढून देऊ शकत असेल तर २८ तारखेपर्यंत कळवा. लिहून काढायला पोरांना दोन दिवस लागतील.