ट्रेलरच्या काचांवर रोज सकाळी पाणी ओघळते. ओल कशी आटोक्यात आणावी?

प्रश्न

आम्ही दोघे आणि आमची सात वर्षांची मुलगी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात राहतो आणि हिवाळ्यातही आमचा २२ फुटी ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचे फिरते घर) घेऊन ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर मुक्कामाला जातो. नोव्हेंबरपासून बाहेर ५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि जवळजवळ अखंड पाऊस आहे. सकाळी काचांवरून पाणी ओघळते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, आणि गेल्या आठवड्यात मुलीची गादी उचलली तेव्हा तिच्या खालच्या बाजूला काळी बुरशी दिसली. मुलीला दमा असल्यामुळे मला याची फार काळजी वाटते.

आत २० अंश तापमान असताना आर्द्रतामापक ७८ टक्के दाखवतो. कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवून पाहिले, पण त्यांत आठवड्याला जेमतेम पेलाभर पाणी जमते. बाहेरची दमट हवा आत येऊ नये म्हणून आम्ही छताचा झरोका बंदच ठेवतो आणि झोपेपर्यंत सिलिंडरवरचा सुटा गॅस हीटर लावतो. आणखी काय करावे?

उत्तर १

ताई, तो सुटा हीटर आजपासून आत लावू नका. एक किलो प्रोपेन जळले की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि धुराड्याविना चालणाऱ्या हीटरमधून ते सगळे तुमच्या खोलीतच राहते. शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो तो वेगळाच. ट्रेलरमध्ये बसवलेली भट्टी ज्वलनासाठी बाहेरची हवा घेते आणि धूर व वाफ बाहेरच सोडते, म्हणून ऊब हवी असेल तर तीच वापरावी. तिघांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात निघणारे पाणीही थोडेथोडके नसते, त्यामुळे पेलाभर पाणी शोषणाऱ्या डब्यांचा येथे निभाव लागणार नाही.

पावसात झरोका बंद ठेवणे स्वाभाविक वाटते, पण तुमच्या हवामानात नेमके उलट करायला हवे. ५ अंशांची हवा पूर्ण ओलावलेली असली तरी एका घनमीटरात तिच्यात सुमारे ६.८ ग्रॅमच वाफ मावते, तर २० अंशांना तेवढ्याच जागेत १७.३ ग्रॅम मावते. म्हणजे भर पावसातली हवा आत येऊन तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. तुमच्या आतल्या हवेत आज घनमीटरामागे साधारण १३.५ ग्रॅम वाफ आहे. तिचे दव सुमारे १६ अंशांना धरते, आणि एकेरी काच किंवा भिंतीतली ॲल्युमिनियमची पट्टी रात्री त्याहून कितीतरी थंड असते. झरोक्याचा पंखा मंद गतीने बाहेरच्या दिशेने चालवा आणि दूरची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. इंधन थोडे जास्त लागेल, पण तो खर्च सार्थकी लागेल.

बुरशी आलेली गादी कृपया आत झटकू नका. दमा असलेल्या मुलीसाठी ती टाकून देणेच योग्य. नव्या गादीखाली लाकडी पट्ट्यांची चौकट घाला, म्हणजे फळी आणि गादी यांच्यामधून हवा खेळेल.

उत्तर २

वरील सल्ला थंड प्रदेशासाठी अगदी बरोबर आहे, परंतु कोकणात गाडीचे घर करून फिरणाऱ्यांनी तो जुलैमध्ये तसाच उचलू नये. आमच्याकडे सावंतवाडीला पावसाळ्यात बाहेरची हवाच २६-२७ अंशांची आणि वाफेने भरलेली असते. पंखा लावला की तीच आत येते आणि चामड्याच्या पट्ट्यांपासून पुस्तकांपर्यंत सगळ्यांवर बुरा चढतो. येथे दारे-खिडक्या लावून एसी किंवा कॉम्प्रेसरचा डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारे यंत्र) चालवावा लागतो. ताईंचा ट्रेलर मात्र हिवाळ्यात तापवल्याविना उभा राहणार असेल, तर कॉम्प्रेसरचे यंत्र उपयोगी पडणार नाही, कारण साधारण १५ अंशांखाली त्याच्या नळ्यांवर बर्फ धरू लागतो. त्यासाठी ओल शोषणाऱ्या पदार्थाचे फिरते चक्र असलेले यंत्र घ्यावे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सुटा हीटर काढून टाकला, गादी बदलली आणि पंखा रात्रभर चालू ठेवला. आता सकाळी मापक ५२ टक्क्यांवर असतो आणि काचांच्या फक्त खालच्या कडेला थोडे दव दिसते. मात्र स्वयंपाकाच्या ओट्यावरील कपाटाचा वरचा मागचा कोपरा अजूनही ओलाच लागतो.

उत्तर १

बाकी सगळे कोरडे होऊन एकच कोपरा ओला राहत असेल, तर ते दव नसून छतातून झिरपणारे पाणी असण्याची शक्यता अधिक आहे. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. पुढच्या पावसानंतर डाग रेघेबाहेर गेला, तर छताच्या कडेचे आणि झरोक्याभोवतीचे सीलंट कुठे तडकले आहे ते लगेच तपासून घ्या. पाणी भिंतीच्या आतल्या लाकडापर्यंत पोहोचले, तर पंखा कितीही चालवला तरी ते वाळणार नाही.